माइक हातात आला की वाचा का बसते?

चाकण, भोसरी, रांजणगाव, तिकडे वाळूज, सातपूर, अंबड. कुठल्याही कारखान्यात जा, शिफ्ट सुरू होताना लाइनवर पाच-दहा मिनिटांची मीटिंग होते. कालचं प्रॉडक्शन, कालचं रिजेक्शन (म्हणजे खराब निघालेले पार्ट), सेफ्टीच्या दोन सूचना, आणि शेवटी सुपरवायझर विचारतो, "कोणाला काही बोलायचंय का?" सगळे आपापल्या सेफ्टी शूजकडे बघतात. मीटिंग संपते. आणि तासाभराने चहाच्या सुट्टीत तीच माणसं त्याच मशीनबद्दल, त्याच रिजेक्शनबद्दल इतकं बारकाईने बोलतात की ऐकत राहावं.

मी क्वालिटीत काम करते. हे रोज बघते आणि रोज वाईट वाटतं. कारण या गप्प बसण्याला आपण "कॉन्फिडन्स नाही" असं नाव देऊन मोकळे होतो. मग त्या माणसाला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला पाठवायचं, नाहीतर स्पोकन इंग्लिशचा क्लास सुचवायचा. तिथे त्याला छाती पुढे काढून उभं राहायला आणि आरशासमोर बोलायला शिकवतात. तो परत येतो आणि सकाळच्या मीटिंगला पुन्हा बुटांकडे बघतो.

माझं म्हणणं असं आहे की ही भीती त्या माणसात मुळातच असते असं नाही, ती त्याच्यात भरवली जाते. थोडी शाळेत, बाकीची ऑफिसात आणि शॉपफ्लोअरवर.

शाळेचं आधी सांगते. 1 ऑगस्ट आला की टिळक पुण्यतिथीची भाषणं. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो." भाषण लिहून द्यायचं बाईंनी किंवा वडिलांनी, पाठ करायचं पोरांनी. शेंगांच्या टरफलांची गोष्ट वर्गातली दहा मुलं त्याच वाक्यांत सांगणार. त्या मुलाला स्वतःला त्या गोष्टीबद्दल काय वाटतं, हे कोणी विचारत नाही. बक्षीस मिळतं ते न अडखळता म्हटल्याबद्दल. पाठ केलेल्या भाषणाची अडचण अशी की एक शब्द निसटला की पुढचं सगळंच निसटतं, कारण विषय डोक्यात नसतो, फक्त वाक्यांची रांग असते. अडखळलं की फजिती, हे तेव्हा मनात जे बसतं ते पस्तिशी-चाळिशीतही निघत नाही.

आणि आपण कारखान्यात पुन्हा तेच करतो. क्वालिटी सर्कल, म्हणजे कामगारांनी छोट्या गटात बसून कामातल्या अडचणी सोडवायच्या, ही कल्पना जपानमध्ये 1962 साली सुरू झाली, गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने. आपल्याकडे 1980 साली भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कंपनीच्या हैदराबादजवळच्या रामचंद्रपुरम कारखान्यात पहिलं सर्कल झालं आणि 1982 साली क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाली. मूळ विचार फार सुंदर आहे. जो मशीनवर उभा असतो त्याला अडचण सगळ्यात आधी कळते, म्हणून त्यानेच साथीदारांबरोबर बसून कारण शोधावं, उपाय करावा आणि स्टेजवर उभं राहून तो सांगावा. म्हणजे ज्या माणसाला आयुष्यात कोणी माइक दिला नाही, त्याच्या हातात माइक देणारी ही पद्धत आहे. मला या पद्धतीबद्दल मनापासून आदर आहे.

पण बऱ्याच ठिकाणी होतं काय? या सर्कल्सची स्पर्धा जवळ आली की कोणीतरी इंजिनिअर बसून स्लाइड बनवतो, स्क्रिप्ट लिहितो आणि ऑपरेटरला सांगतो, पाठ कर. "सदर समस्येचे विश्लेषण करण्याकरिता आम्ही कारण व परिणाम आकृतीचा अवलंब केला." ही त्या माणसाची भाषा आहे का? तो फिशबोन म्हणतो, व्हाय-व्हाय म्हणतो, परेटो म्हणतो (अडचणीचं कारण शोधायच्या पद्धतींची ही रोजची नावं), आणि त्याला त्याचा अर्थ नीट माहीत असतो. आपण त्याच्या तोंडातून त्याचे शब्द काढून घेतो आणि मग म्हणतो याला बोलता येत नाही.

आमच्याकडचे एक दादा आहेत, टर्निंगच्या लाइनवर, म्हणजे जिथे धातूचे गोल पार्ट कातले जातात. मूळचे मराठवाड्यातले. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. रिहर्सलला उभे राहिले की हातातला कागद थरथरायचा. तो कागद थरथरताना सगळ्यांना दिसतोय या विचाराने आणखी थरथरायचा. तिसऱ्या स्लाइडपाशी आवाज बंद. मी म्हटलं, "दादा, कागद ठेवा बाजूला. तो जॉब घ्या हातात. आणि काय झालं होतं ते मला सांगा, मी नवीन आलेय असं समजा."

त्यांनी ट्रेमधला जॉब, म्हणजे मशीनवर बनणारा पार्ट, उचलला; तो बुश होता, धातूचा पोकळ गोल तुकडा. बोट त्याच्या बोअरवरून, म्हणजे मधल्या भोकावरून, फिरवलं आणि म्हणाले, "मॅडम, फर्स्ट शिफ्टला रनआउट येत नव्हता. सेकंडलाच यायचा. सगळे म्हणायचे सेकंडवाल्यांचं लक्ष नाही. मला वाटलं, आसं कसं? मग मी कूलंटचा आवाज ऐकला. सकाळी जोरात पडतंय, चारनंतर मऊ पडतंय." रनआउट म्हणजे पार्ट फिरताना सरळ न फिरता डगमगणं, आणि कूलंट म्हणजे कातताना गार ठेवायला वरून पडणारं पाणी-तेल. टाकीची जाळी दिवसभरात भरायची, कूलंटचं प्रेशर पडायचं, चिप म्हणजे धातूचा कीस धुतला जायचा नाही, चकच्या जॉमध्ये (जॉब धरणाऱ्या पकडीत) अडकायचा आणि जॉब तिरका बसायचा. हे त्यांनी कानाने पकडलं होतं. मीटरवर ते नंतर दिसलं. सांगताना त्यांनी तो बुश असा तिरका धरून दाखवला, नखाएवढी चिप कुठे बसते ते दाखवलं, आणि हात अजिबात थरथरत नव्हता.

आम्ही ती स्क्रिप्ट फाडून टाकली. त्यांनी स्टेजवर हेच सांगितलं, याच शब्दांत, तो बुश हातात धरून. मध्ये दोनदा थांबले. परीक्षकांनी प्रश्न विचारले तेव्हा तर ते आणखी खुलले, कारण प्रश्नांची उत्तरं पाठ केलेली नव्हती, माहीत होती. हातात एखादी वस्तू असणं हा साधा उपाय मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. गेज (माप तपासायचं साधन) असो, खराब झालेला पार्ट असो, काहीही. हाताला काम मिळतं आणि ऐकणाऱ्याची नजर तुमच्या चेहऱ्यावरून त्या वस्तूवर जाते.

आता ऐकणाऱ्यांबद्दल. माणसाला ताण कसा येतो हे तपासायची एक पद्धत जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात तयार झाली, 1993 साली ती प्रसिद्ध झाली आणि जगभर अजून वापरतात. माणसाला थोडा वेळ तयारीला देतात, मग परीक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायला लावतात, नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखं. त्यानंतर तोंडी वजाबाकी करायला लावतात. लाळेतलं कॉर्टिसॉल नावाचं तणावाचं संप्रेरक दुप्पट ते चौपट वाढलेलं दिसतं. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. परीक्षकांना मुद्दाम सांगितलेलं असतं की चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. हसायचं नाही, मान हलवायची नाही. म्हणजे माणसाला हमखास घाबरवायचं असेल तर समोर दगडी चेहरे बसवायचे, ही प्रयोगशाळेतली पद्धत झाली!

आपल्या रिव्ह्यू मीटिंग आठवा. टेबलाच्या टोकाला मोठे साहेब मोबाइलमध्ये. बाजूचे दोघं लॅपटॉपमध्ये. बोलणाऱ्याकडे कोणी बघत नाही, आणि बघितलं तर "मुद्द्यावर या" म्हणायला. नवीन मुलगी पहिलंच प्रेझेंटेशन देतेय, दुसऱ्याच वाक्याला तिचा आकडा खोडून काढला जातो. तिचा घसा कोरडा पडला तर तो तिचा दोष कसा? शरीर आपलं काम चोख करतंय, धोका दिसला म्हणून हृदय जोरात धडधडतंय. तो धोका टेबलाभोवती बसलेल्यांनी निर्माण केलाय. मॅनेजर मंडळींनी कम्युनिकेशन स्किलच्या ट्रेनिंगला माणसं पाठवण्याआधी स्वतः फोन उलटा ठेवून, बोलणाऱ्याकडे बघून, त्याचं पूर्ण वाक्य ऐकायची सवय लावावी. याला बजेट लागत नाही.

बोलणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगते, कारण ती कळल्यावर अनेकांना हायसं वाटतं. आपली घालमेल आपल्याला आतून जेवढी जाणवते तेवढी समोरच्याला दिसत नाही. सॅव्हिट्स्की आणि गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. बोलणाऱ्यांना वाटत होतं की आपली भीती सगळ्यांना दिसतेय, प्रत्यक्षात ऐकणाऱ्यांना ती बरीच कमी दिसत होती. आणि ज्यांना हे आधीच सांगितलं होतं, ती माणसं चांगलं बोलली. फक्त सांगितल्याने एवढा फरक पडतो. म्हणून मी स्टेजवर जाणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगते.

इंग्रजीचा मुद्दा टाळून चालणार नाही. ग्राहक कंपनीचा ऑडिटर लाइनवर येतो आणि थेट ऑपरेटरला विचारतो, खराब पार्ट सापडला तर काय करतोस? त्या मुलाला उत्तर माहीत असतं: लाल बिनमध्ये टाकायचा, टॅग लावायचा, सुपरवायझरला बोलवायचं, आधीचे पार्ट पुन्हा तपासायचे. पण प्रश्न इंग्रजीत आला की तो गोठतो, आणि शेजारी उभा असलेला अधिकारी घाईघाईने त्याच्या वतीने उत्तर देतो. तसं करू नका. तो मराठीत सांगेल, तुम्ही फक्त भाषांतर करा. मी हेच करते आणि मला तरी अजून एकही ऑडिटर भेटला नाही ज्याने याला हरकत घेतली.

गांधीजींचं उदाहरण बहुतेकांना अर्धंच माहीत असतं. बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ते पहिल्या खटल्याला उभे राहिले, डोकं गरगरलं, एकही प्रश्न सुचला नाही, आणि तीस रुपयांची फी परत करून बाहेर पडले. पुढचं अर्धं असं की 1893 मध्ये प्रिटोरियात तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांसमोर ते आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण करायला उभे राहिले, आणि नीट बोलले. विषय होता व्यापारातला खरेपणा. मधल्या काळात त्यांनी कुठला क्लास केला नव्हता. विषयाची तयारी होती, आणि समोरच्यांना सांगावंसं वाटेल असं काहीतरी पोटात होतं.

आणि कामावरचं बोलणं म्हणजे स्टेज नव्हेच खरं तर. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं बोलणं शिफ्ट बदलताना होतं, दोन माणसांत, मशीनच्या आवाजात. "तीन नंबरला थोडा प्रॉब्लेम आहे, बघून घे" असं म्हणून एक जण बस पकडायला पळतो आणि दुसऱ्याची पूर्ण शिफ्ट वाया जाते. तेच "तीन नंबरला बोअर वरच्या साइडला जातोय, इन्सर्ट सातला बदललाय, पहिले पाच पीस चेक कर" असं सांगितलं (म्हणजे भोकाचं माप वरच्या मर्यादेकडे सरकतंय, कापणारं टोक सात वाजता बदललंय) तर काम झालं. यात काय होतंय, मी काय केलंय, तू काय कर, एवढंच आहे. ज्याला हे तीन वाक्यांत रोज सांगता येतं त्याला हळूहळू दहा जणांसमोरही सांगता येतं, आणि मग शंभर जणांसमोर. उलट दिशेने, आधी शंभर जणांसमोर ढकलून, मी कोणाला तयार होताना पाहिलेलं नाही.

आता पुन्हा स्पर्धांची तयारी सुरू होईल. जे इंजिनिअर, सुपरवायझर, एचआरवाले हे वाचत असतील त्यांना हात जोडून विनंती आहे की स्क्रिप्ट लिहून देऊ नका. आकृत्या काढायला मदत करा, आकडे तपासून द्या, वेळ लावून सराव करून घ्या. पण वाक्यं त्यांची त्यांना जुळवू द्या, "आसं कसं" म्हणत असतील तर "आसं कसं"च राहू द्या. आणि सकाळच्या मीटिंगमध्ये "कोणाला काही बोलायचंय का" असं हवेत विचारण्यापेक्षा एकेकाचं नाव घेऊन विचारा, "दादा, काल तुमच्या मशीनवर काय झालं?" सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका. तुमच्याकडे कोणी असं करत असेल तर खाली लिहा, काय अनुभव आला ते मला वाचायचंय.