फरक्क्याचा करार मोडू नका, दुरुस्त करा

भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप कराराची मुदत 12 डिसेंबर 2026 ला संपते. 'आपलं पाणी त्यांना द्यायचंच कशाला?' असं पुण्यातली शिकली-सवरलेली माणसं सहज बोलून जातात, तेव्हा वाईट वाटतं.

आपण खडकवासल्याच्या उशाशी राहतो. पानशेत-वरसगावचं पाणी आधी आपल्या नळाला येतं, मग कालव्याने दौंड-इंदापूरकडे जातं. उन्हाळी आवर्तन सुटलं की टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटाचा, शेतकरी रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसतो. वर कोणी किती उचललं, त्याला कळत नाही. बांगलादेश गंगेच्या टेलला आहे.

1996 चा करार तेव्हाचे पंतप्रधान देवेगौडा आणि शेख हसीना यांनी केला. 1 जानेवारी ते 31 मे, दर दहा दिवसांचा हिशेब. पश्चिम बंगालमधल्या गंगेवरच्या फरक्का बंधाऱ्याला 70 हजार क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी असेल तर निम्मं-निम्मं. 75 हजारांच्या वर गेलं तर 40 हजार आपलं, उरलेलं त्यांचं. कोलकाता बंदरासाठी हुगळीत पाणी नेणाऱ्या कालव्याची क्षमताच 40 हजारांची आहे. मोजमाप दोन्हीकडचे लोक मिळून करतात, आणि मला तरी करारातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. मार्च 2025 मध्ये दोन्ही सरकारांत एवढा ताण होता, तरी बांगलादेशचं पथक फरक्क्याला येऊन गेलं.

खोट वेगळीच आहे. वाटणी होते ती फरक्क्याला पोचलेल्या पाण्याची. उत्तर प्रदेश-बिहारात वर किती उपसा झाला, त्याचा हिशेब नाही. करारातले वाटपाचे तक्ते 1949 ते 1988 च्या प्रवाहाच्या सरासरीवरचे. प्रवाह 50 हजारांखाली गेला तर तातडीने चर्चा करायची, बस्स. तिकडे बांगलादेशात गंगेची शाखा असलेली गोराई नदी उन्हाळ्यात रोडावते आणि नैऋत्येच्या खुलन्याकडे समुद्राचं खारं पाणी आत शिरतं. म्हणून नव्या करारात वरच्या उपशाची आकडेवारी आणि तुटीच्या वर्षाचा स्पष्ट नियम, दोन्ही हवंच.

'सिंधू करार स्थगित केला, हाही करा' म्हणणाऱ्यांनी ब्रह्मपुत्रेकडे बघावं. तिथे चीनच्या खालच्या बाजूला आपण आहोत, वर चीन मोठं धरण बांधतोय आणि त्याच्याशी आपला पाणीवाटपाचा करारच नाही. आसामसाठी आपण चीनकडे जे मागणार, ते खुलन्याला नाकारायचं कोणत्या तोंडाने?

आणि वेळ फार नाही. 12 डिसेंबरला करार संपला की पुढच्या वाटपाचे पहिले दहा दिवस 1 जानेवारीलाच सुरू होतात.