ब्लँकेट वापस द्या, फोटो नाही आला!

२० डिसेंबर म्हणजे गाडगेबाबांची पुण्यतिथी. आमच्या परतवाड्याकडच्या एका गावात त्या दिवशी पहाटे ग्रामसफाई होते आणि मग गरजूंना ब्लँकेटवाटप. बाबांच्या दशसूत्रीत ‘उघड्यानागड्यांना वस्त्र’ आहे, फोटोचं कलम नाही. ते मंडळाच्या अध्यक्षांनी पदरचं जोडलं. कॅमेरावाला म्हणून मी सापडलो.

सकाळी सहाला मेळघाटच्या डोंगरावरून थंडी उतरलेली, वरून धुई. तुरीचा फुलोरा गळतो की काय म्हणून अर्धे लोक स्टेजकडे पाठ करून शेताकडे बघत होते. मी मोठ्या ऐटीत फ्लॅश लावला. उजेड धुईच्या थेंबांवर आपटून तिथूनच परत आला. फोटोत अध्यक्ष हिमालयात हरवल्यासारखे.

“आजी, जरा वापस द्या. पुन्हा घेऊ.”

आजींनी ब्लँकेट परत दिलं. आता फ्लॅश बंद. पण उजेड कमी, म्हणून शटर मंद, आणि माझी बोटं लटलट कापत होती. अध्यक्षांना चार हात आले. दानशूर माणसाला ते शोभलेही असते, पण नाकंही दोन होती.

ब्लँकेट पुन्हा वापस.

कॅमेऱ्याला ऊब मिळावी म्हणून मी तो चहाच्या गंजाजवळ नेला. थंड काचेवर वाफ जमते हे शाळेत शिकलो होतो. पण शाळेत तेव्हा चहा नव्हता. लेन्स पांढरीफटक झाली. ती मफलरनं पुसली, तर मफलरची लव तिला चिकटली. पुढच्या फोटोत अध्यक्षांना दाढी.

“काहून बापू,” आजी म्हणाल्या, “कितीखेप देता अन् कितीखेप वापस घेता? लोकायले वाटन, म्याच चोरलं.”

एवढ्यात बॅटरी गेली. रात्रभर चार्ज केलेली! थंडीत ती लवकर मान टाकते, हे मला माहीत नव्हतं. आजींना होतं.

“काखीत धर तिले. टार्चचे सेल म्या उनात ठेवते, मंग पेटते.”

मी बॅटरी काखेत धरून, दात वाजवत उभा राहिलो. पाच मिनिटांनी ती खरंच जागी झाली आणि एक फोटो निघाला. त्यात अध्यक्षांचे डोळे मिटलेले. पण आजींनी ब्लँकेट असं लपेटलं होतं की आता परत मागायची कोणाची छाती नव्हती. मला मात्र कुडकुडताना पाहून अध्यक्षांनाच दया आली. त्यांनी गठ्ठ्यातलं एक ब्लँकेट माझ्या खांद्यावर टाकलं. कोण्यातरी पोट्ट्यानं नेमका तेव्हाच मोबाइल काढला.

दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो. एकदम स्वच्छ, अध्यक्षांचे डोळे उघडे. खाली ओळ: ‘गरजूस ब्लँकेट देताना अध्यक्ष.’

बायकोनं कात्रण फ्रिजवर चिकटवलंय.