श्रद्धा नसलेल्या घरातला ईस्टर

मार्च उजाडला की स्वीडनमधल्या उप्साला शहरातल्या आमच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कडीला एक कागदी पिशवी लटकू लागते आणि रोजच्या फोडणीसाठी सोललेल्या कांद्यांच्या कोरड्या साली कचऱ्यात न जाता तिच्यात साठत जातात. ईस्टरच्या आठवड्यातल्या बुधवारी ती पिशवी मोठ्या पातेल्यात रिकामी होते. पांढऱ्या कवचाच्या अंड्यावर कोथिंबिरीचे एक ओले पान चिकटवायचे, जुन्या पायमोज्याच्या पातळ तुकड्यात ते अंडे घट्ट आवळून बांधायचे आणि त्या सालींच्या पाण्यात दहा-बारा मिनिटे उकळायचे. गाठ कापून मोजा सोडवला की विटकरी रंगाच्या अंड्यावर त्या पानाची फिकट नक्षी उमटलेली दिसते, अगदी त्याच्या कातरलेल्या कडांसकट. माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हापासून आम्ही हे करत आलो आहोत. आमच्या घरात देव्हारा नाही आणि क्रूसही नाही.

गेल्या वर्षी अंड्यांची छायाचित्रे येथे टाकल्यावर पुण्यातील एका जुन्या मित्राने विचारले होते की, जे लोक दिवाळीत लक्ष्मीपूजन करत नाहीत ते येशूच्या पुनरुत्थानाचा सण कोणत्या तोंडाने साजरा करतात. प्रश्न प्रामाणिक होता आणि मी त्याला तेव्हा नीट उत्तर दिले नाही, म्हणून ते आज सविस्तर लिहिते आहे.

ज्या देशात मी राहते तेथे हा प्रश्न बहुतेकांना पडतच नाही. स्वीडनचे चर्च १ जानेवारी २००० रोजी राज्यसंस्थेपासून वेगळे झाले. आजही निम्म्याहून अधिक लोकांची नावे त्याच्या सभासदांच्या यादीत आहेत, परंतु दर रविवारी प्रार्थनेला जाणारे त्यांतले अगदी थोडे. तरीही ईस्टरच्या आधीचा शुक्रवार आणि नंतरचा सोमवार या दिवशी सुट्टी असते, शनिवारी घरोघरी मुरवलेले हेरिंग मासे, अर्धी कापलेली उकडलेली अंडी आणि बटाट्याचे मलईतले भाजलेले पदार्थ मांडले जातात, मुलांना पुठ्ठ्याच्या मोठ्या अंड्यात भरून गोळ्या-चॉकलेटे मिळतात आणि दिवाणखान्यातल्या फुलदाणीत रंगीत पिसे बांधलेल्या बर्चच्या फांद्या उभ्या राहतात. हे करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना तुम्ही ख्रिस्ती आहात का असे विचारले तर बहुतेक जण नाही म्हणतील, आणि त्या दोन्ही गोष्टींत त्यांना कोणताही विरोध दिसणार नाही.

मला स्वतःला मात्र एवढ्यावर समाधान नव्हते. विवेकवादी माणसाने आपण काय करतो आणि का करतो हे तपासले पाहिजे असे मी मानते. सुरुवातीची काही वर्षे मी एक सोयीचे उत्तर वापरत असे, जे तुमच्यापैकी अनेकांनी दरवर्षी व्हॉट्सॲपवर वाचले असेल: ईस्टर हा मुळात ख्रिस्ती सण नाहीच, तो बाबिलोनच्या इश्तार देवीचा, सुफलनाचा सण आहे, ससा आणि अंडी ही तिचीच चिन्हे आहेत आणि चर्चने तो नंतर बळकावला. हे उत्तर मी आत्मविश्वासाने इतरांनाही देत असे. ते चूक आहे, आणि ते पसरवल्याबद्दल मला आजही वाईट वाटते.

इश्तार आणि ईस्टर यांच्यात उच्चाराच्या साम्याखेरीज काहीही नाते नाही. इंग्रजी नावाचा संबंध एओस्त्रे नावाच्या देवीशी जोडणारा एकमेव जुना लेखक म्हणजे इंग्लंडमधील बीड हा मठवासी, आणि त्याने ७२५ मध्ये लिहिले ते एवढेच की एका महिन्याला तिचे नाव होते आणि पूर्वी त्या महिन्यात तिचे उत्सव होत. अंडी नाहीत, ससा नाही. १८३५ मध्ये याकोब ग्रिम या जर्मन भाषा आणि लोककथांच्या अभ्यासकाने त्यावरून जर्मन देवीचा तर्क बांधला आणि पुढच्यांनी त्या तर्कावर इमले चढवले. अंडी आणणाऱ्या सशाचा उल्लेख जर्मन प्रदेशात १६८२ मध्ये एका वैद्याच्या लेखनात येतो, म्हणजे तो शिवाजी महाराजांच्या निधनानंतरच्या काळातला आहे, बाबिलोनच्या नव्हे. शिवाय स्वीडिश भाषेत या सणाला ‘पोस्क’ म्हणतात, जो शब्द ज्यूंच्या ‘पेसाह’ या सणाच्या हिब्रू नावावरून आला. युरोपातील अनेक भाषांत याच कुळातले नाव आहे. देवीच्या नावावर उभा असलेला सण फक्त इंग्रजांना आणि जर्मनांनाच तिचे नाव कसा आठवू देईल?

मला यातले सर्वांत अधिक खटकते ते हे, की जो माणूस इतरांच्या चमत्कारकथांना पुरावा मागतो तोच स्वतःच्या सोयीची दंतकथा पुराव्यावाचून पुढे पाठवतो. सण साजरा करण्यासाठी आपल्याला कोणत्याही हरवलेल्या देवीच्या परवानगीची गरज नाही. ईस्टर ख्रिस्ती आहे हे मोकळेपणाने मान्य करावे आणि तरीही त्याच्यात आपल्याला काय सापडते ते सांगावे.

मला त्याच्यात पहिल्यांदा ऋतू सापडतो. कोंबडी दिवसाच्या प्रकाशावर अंडी घालते, आणि विजेचे दिवे येण्यापूर्वी येथील काळोख्या हिवाळ्यात ती जवळजवळ थांबत असे. दिवस मोठा झाला की टोपली पुन्हा भरू लागे. त्यात जुन्या कॅथलिक नियमाप्रमाणे चाळीस दिवसांच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असल्यामुळे ईस्टरला ती घरात साचलेली असत. तारखेचे गणितही आपल्या ओळखीचे आहे. वसंतसंपातानंतरच्या (मार्चमध्ये दिवस आणि रात्र सारखे होतात त्या दिवसानंतरच्या) पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर, आणि म्हणून तो आपल्या होळीच्या किंवा हनुमान जयंतीच्या मागोमाग येतो: २०२४ मध्ये २४ मार्चला होळी आणि ३१ मार्चला ईस्टर, २०२५ मध्ये १२ एप्रिलला हनुमान जयंती आणि २० एप्रिलला ईस्टर. एकाच चंद्राकडे पाहून दोन दूरच्या समाजांनी आपापले दिवस ठरवले, हे मुलीला बाल्कनीतून दाखवताना मला खरोखर आनंद होतो.

परंतु ऋतूच्या नावाखाली सगळेच गोड करून घेणे मला पटत नाही. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी दुपारी आमच्या दारावर लहान मुली येतात, डोक्याला रुमाल, आजीचा लांब घागरा, गालांवर लाल रंग आणि नाकावर पेन्सिलीने काढलेले ठिपके अशा वेषात, हातात तांब्याची किटली घेऊन. स्वतः काढलेले चित्र त्या आपल्या हातात देतात आणि आपण किटलीत गोळ्या टाकायच्या. या ईस्टरच्या चेटकिणी. या दिवशी चेटकिणी झाडूवर बसून ब्लोकुल्ला नावाच्या ठिकाणी सैतानाकडे उडत जातात, अशी समजूत होती. त्या समजुतीपायी १६६८ ते १६७६ या काळात स्वीडनमध्ये जवळजवळ ३०० माणसे मारली गेली. टोरशोकेर येथे १६७५ मध्ये एकाच दिवशी ७१ जणांचा शिरच्छेद करून त्यांना जाळले. त्यांत ६५ स्त्रिया होत्या. साक्षीदार प्रामुख्याने मुले होती, आम्हाला ब्लोकुल्लाला नेले असे सांगणारी. अखेर १६७६ मध्ये स्टॉकहोममध्ये मुलांनी आपण खोटे बोललो असे कबूल केले तेव्हा हे सत्र थांबले.

ज्या महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी इतकी वर्षे झगडावे लागले आणि तो २०१३ मध्ये झाला, तेथून आलेल्या माणसाला ही किटली हातात घेताना काही वाटले नाही तर आश्चर्य. मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिला टोरशोकेरची गोष्ट सांगितली. तिने विचारले की त्या मुलांना नंतर काय वाटले असेल. त्या वर्षीही ती रुमाल बांधून गेली, आणि मी तिला अडवले नाही.

आमच्या मजल्यावर ८६ वर्षांच्या एक बाई राहतात. मुलगी त्यांना आजी म्हणते. त्यांच्या लहानपणी शुक्रवार खरोखरच त्याच्या स्वीडिश नावाप्रमाणे ‘लांब शुक्रवार’ होता: मोठ्याने हसायचे नाही, बाहेर खेळायचे नाही, त्या दिवशीची सार्वजनिक करमणुकीवरील बंदी १९६९ मध्ये उठली. आमच्या पिसांच्या फांद्या पाहून त्यांनीच सांगितले की पूर्वी त्याच फांद्यांनी येशूच्या यातनांची आठवण म्हणून घरच्यांना फटके मारत. वसईतली माझी एक मैत्रीण याला ‘उत्तम शुक्रवार’ म्हणते आणि त्या दिवशी तिची आई दिवसभर जवळजवळ काही खात नसे. त्या घरात मी शाळेत असताना जेवढी गप्प बसले तेवढी देवळातही कधी बसले नसेन. म्हणून आम्ही त्या दिवशी पाहुणे बोलावत नाही, भिंतीत ड्रिल चालवत नाही, आणि आजींना कॅथेड्रलपर्यंत सोडायला मी जाते. दोनदा आतही बसले. निरपराध माणसाला गर्दीच्या ओरडण्यावरून ठार मारले जाते, ही कथा ऐकताना मला देवाची गरज भासली नाही आणि डोळे कोरडेही राहिले नाहीत. तिसऱ्या दिवशी तो उठला यावर माझा विश्वास नाही, हे आजींना ठाऊक आहे.

या वर्षी बारा अंडी रंगवली. त्यांतली चार आजींना दिली. त्यांनी ती रविवारी सकाळी चर्चमधल्या न्याहारीला नेली.