मेंदूसाठी शेवाळाच्या कॅप्सूल? आधी घरातलं मीठ बघा

समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल 'स्मरणशक्तीसाठी' म्हणून विकल्या जाताहेत आणि चांगली शिकलेली माणसं त्या आईवडिलांसाठी मागवताहेत. मला याची काळजी वाटते.

तपकिरी शेवाळातल्या फ्युकॉइडन, फ्युकोझॅन्थिन अशा घटकांवर संशोधन चालू आहे, ते व्हायलाच हवं. पण उंदरांना गुण आला म्हणजे माणसांना येईलच असं नाही. तपकिरी शेवाळापासून केलेल्या जीव्ही-971 या औषधाला चीनने 2019 मध्ये अल्झायमरसाठी सशर्त मंजुरी दिली. चाचणी 818 रुग्णांवर, फक्त 36 आठवड्यांची. आजार मात्र वर्षानुवर्षं चालणारा! पुढची आंतरराष्ट्रीय चाचणी 2022 मध्ये अर्ध्यावर थांबली, 2024 मध्ये मंजुरीची मुदत संपली आणि मग उत्पादनही बंद पडलं. त्यावर आशा लावून बसलेल्या घरांचा विचार करून जीव तुटतो.

शेवाळामुळे मेंदूसाठी खरोखर हाती लागलं ते आयोडीन. 1811 मध्ये फ्रान्सच्या बर्नार कुर्त्वा यांना ते शेवाळाच्या राखेत सापडलं. आयोडीन नसेल तर थायरॉइडचं संप्रेरक तयार होत नाही, आणि सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाचा मेंदू आईच्याच संप्रेरकावर वाढतो. तेव्हा मोठी कमतरता राहिली तर बाळाची बुद्धी कायमची खुंटू शकते. वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1956 पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन, आयोडीनच्या कमतरतेने होणारा गलगंड कमी करून दाखवला. आज दुकानात हे मीठ सहज मिळतं, त्यामागे ते काम आहे.

आणि आपण? 'केमिकल नको' म्हणत तेच मीठ सोडून रोजच्या स्वयंपाकात सैंधव वापरतोय, घरात सून गरोदर असतानाही! उपवासापुरतं ठीक आहे हो, पण सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतंच.

ही कसर शेवाळाच्या कॅप्सूलने भरून काढू नका. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, गरोदरपणात 250. कोंबूसारख्या शेवाळाच्या एका ग्रॅममध्ये ते हजार मायक्रोग्रॅमच्याही वर असू शकतं, आणि जादा आयोडीननेही थायरॉइडचं काम बिघडतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या कॅप्सूलना हात लावू नका.

मीठ वाढवा असं मी म्हणत नाही. खाता तेवढंच खा, पण पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं बघून आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दमट हवेत उघडं राहिलं तर आयोडीन कमी होत जातं.