सपक रश्श्याचा खटला

हॉटेलचं नाव लिहीत नाही, वकिलाची तंबी आहे. नागपुरातलं सावजी, एवढं पुरे. म्हणजे काहीच सांगितलं नाही असं समजा.

मी मोबाइलवर एक स्टार देऊन लिहिलं होतं : टेबल चिकट, वाढपी उर्मट, मटण चामट, रस्सा सपक. स्पीड पोस्टाने नोटीस आली. टेबल, वाढपी, मटण यांबद्दल मालकाचं काहीच म्हणणं नव्हतं. पाच लाखांची अब्रू गेली होती ती निव्वळ रश्श्यापायी. बरोबरच आहे म्हणा. ज्या गावात सकाळच्या पोह्यांवरसुद्धा तर्री ओततात, तिथे सावजीला सपक म्हणायचं!

बायकोचा मावसभाऊ वकील आहे. फी घेत नाही, जेवून जातो; हिशेब केला तर फी परवडेल.

"भाऊजी, काऊन लिहिलं जी असं? खारट म्हणायचं होतं."

मग त्याने भारतीय न्याय संहिता उघडली. कलम ३५६, म्हणजे १ जुलै २०२४ च्या आधीचं ४९९-५००. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, नाहीतर समाजसेवा.

"समाजसेवा म्हणजे त्याच हॉटेलात वाढायला लावतील का रे?"

त्याने लक्ष दिलं नाही. तो अपवाद शोधत होता. लोकांपुढे ठेवलेल्या कलाकृतीवर सद्भावनेने मत दिलं तर ती बदनामी नव्हे. उदाहरणंही दिली आहेत : पुस्तक, भाषण, नट, गवई. अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, असं खुशाल म्हणा.

"रस्सा नाही जी यात," तो खिन्नपणे म्हणाला. १८६० साली मूळ कायदा करणाऱ्या साहेबांनी सावजी चाखलेलं दिसत नाही.

शेवटी मालकाचाच निरोप आला : कोर्टात काऊन जाता, या, जेवा, मिटवून टाकू. गेलो. दोन्हीकडचे वकीलही आले, जेवण म्हटल्यावर येणारच. मालकाने स्वतः वाटी आणून ठेवली आणि समोरच बसला. त्या दिवशी मसाला कुणाच्या हुकमाने पडला होता ते उघड आहे. पहिल्या घासाला कान गेले, दुसऱ्याला उचकी, आणि डोळ्यांतून धारा.

समोरच्या वकिलाने तेवढ्यात तडजोडनाम्यात लिहून टाकलं की, मी साश्रू नयनांनी दिलगिरी व्यक्त केली.

"अश्रू मिरचीचे आहेत, तसं लिहा," मी कसाबसा म्हणालो.

आमचा वकील कानाशी आला. "भाऊजी, तसं लिहिलं तर रस्सा तिखट असल्याची कबुली होते. मग तुमचं आधीचं खोटं ठरते ना जी!"

सही अजून केलेली नाही. तो मात्र दर रविवारी त्या हॉटेलात वाटाघाटींना जातो.