दूरस्थ पीएचडी ‘यूजीसीमान्य’ नाही : एक खुलासा

‘घरबसल्या दीड वर्षात दूरस्थ पीएचडी, यूजीसीमान्य’ असा मेसेज कोल्हापुरातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो साफ खोटा आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमावलीनुसार दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी देताच येत नाही. किमान मुदतही ३ वर्षांची आहे. विद्यापीठाच्या दूरशिक्षणाला मान्यता असते ती बी.ए., एम.कॉम.सारख्या ठरावीक अभ्यासक्रमांपुरती. जाहिरातवाले तीच पीएचडीला चिकटवतात. एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या परदेशी विद्यापीठांच्या नावावर विकतात त्या ऑनलाइन पीएचडीही अमान्यच. नोकरी सांभाळून करायची तर अर्धवेळ पीएचडी आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. कोर्सवर्क, प्रबंध, तोंडी परीक्षा काहीच चुकत नाही. पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे कृपया अशा जाहिरातींत घालू नका.