टोचन

गेल्या रविवारी सकाळी, तापोळ्याच्या पुढे, भर शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, मला वाचवण्यात आलं. मी बुडत नव्हतो, अडकलोही नव्हतो. मी माझी शिडाची होडी चालवत होतो, आणि मनापासून सांगतो, बरी चालवत होतो.

होडी म्हणजे दहा-बारा फुटांचं फायबरचं टोपलं, एक डोलकाठी, एक शीड, एक सुकाणू. मुंबईच्या मित्राने घर बदलताना ती माझ्या गळ्यात मारली. साताऱ्यात फ्लॅटमध्ये ठेवता येत नाही, म्हणून तापोळ्याला ओळखीच्यांच्या पडवीत उलटी पडून असते. तिच्यावर कोंबड्या बसतात. असो.

वारा समोरून होता. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंश डावीकडे, मग वळून तेवढंच उजवीकडे, अशी तिरकी तिरकी ती वर सरकते. शिवसागराच्या दोन्ही बाजूंना डोंगर, त्यामुळे वाराही सरकारी बाबूसारखा, आला तर आला. मोठ्या मिनतवारीने त्याची एक झुळूक मला सापडली होती. तेवढ्यात ती स्पीडबोट आली. आत नारंगी जॅकेटं घातलेले पर्यटक, स्पीकरवर गाणं, आणि गालात माव्याची गोळी धरलेला, गॉगल लावलेला एक तरणा चालक.

मला पाहून त्याने वेग कमी केला. तिथेच घात झाला.

मोटारबोट पूर्ण वेगात असते तेव्हा पाण्यावर उचलून धावते, लाट त्या मानाने लहान उठते. अगदी सावकाश गेली तर लाट जवळजवळ नसतेच. पण मधला वेग वाईट. नाक वर जातं, बूड खाली बसतं आणि मागे सगळ्यात मोठा डोंगर उठतो. हा सभ्य मुलगा बरोब्बर त्या वेगाला माझ्या शेजारून गेला. शिडातला वारा झटकून निघाला, पाणी आत आलं, माझा डबा तरंगू लागला. डब्यात थालीपीठ होतं. मग तो वळून परत आला. चौकशीला. म्हणजे आणखी एक लाट.

"काय वं आबा, बंद पडली का?"

"बंद पडायला इंजिनच नाही."

त्याचा चेहरा कळवळला. "चोरलं?"

"नव्हतंच. वाऱ्यावर चालते ही."

त्याने फडफडणाऱ्या शिडाकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "वारं हाय कुठं?"

"तुम्ही यायच्या आधी होतं."

"बरं." समजूत काढायच्या सुरात तो म्हणाला, "मगाधरनं लांबनं बघतोय मी. हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. म्हटलं आबांनी सकाळी सकाळीच..." आणि अंगठा तोंडाकडे नेला.

बोट हसली. एक बाई मात्र काळजीने ओरडल्या, "काका, जॅकेट तरी घालायचं!" मी घातलं होतं. निळं होतं एवढंच.

मग मी नियम काढला. काढायला नको, हे आता सगळे सांगतात. पण समुद्रावर टक्कर टाळण्याचे १९७२ साली ठरलेले आंतरराष्ट्रीय नियम आहेत, आणि त्यातला १८ वा सांगतो की इंजिनाच्या नावेने शिडाच्या नावेच्या वाटेतून बाजूला व्हावं. (शिडवाला मागून येऊन ओलांडत असेल तर मात्र त्याने सांभाळायचं. पण माझ्या होडीने आजवर बदकालाही ओलांडलेलं नाही.) हे सगळं मी डब्याच्या झाकणाने पाणी उपसत सांगितलं.

"ते समुद्राचं झालं," तो म्हणाला. "ह्यो काय समुद्र हाय व्हय? घाटातला नियम सांगा. घाटात कुणाला वाट द्यायची?"

"चढणाऱ्याला."

"मग? चढत कोण होतं?"

"मी! वाऱ्यावर चढतच तर होतो!"

तो थांबला. गोळी या गालातून त्या गालात गेली. क्षणभर मला वाटलं, पटलं. मग तो मायेने म्हणाला, "लई दमलायसा आबा. टोचन देतो."

मी नको म्हणालो. एकदा साधं, एकदा ओरडून, एकदा हातवारे करून. इंजिनाच्या आवाजात हातवाऱ्यांचा अर्थ "लवकर या" असा झाला असावा. दोर आला, एका उत्साही पर्यटकाने वाकून माझ्या डोलकाठीच्या बुडाशी गाठींचं जंजाळ मारलं, आणि ज्या दिशेला मला जायचं नव्हतं त्या दिशेला मी निघालो. शीड घाईघाईने उतरवावं लागलं. ते अंगावर घेऊन बसलो. थंडी वाजतेय असं समजून त्या बाईंनी शाल फेकली. पाण्यात पडली.

वाटेत पलीकडच्या काठावरून लोकांना घेऊन येणारी जुनी लाँच भेटली. कोयनेचं धरण झालं, १०५ टीएमसी पाणी अडलं, खोऱ्यातली गावं खाली गेली. जी माणसं वर सरकून काठावर राहिली त्यांना बाजार, दवाखाना, तहसील, सगळं या पाण्यावरून. त्या लाँचवाल्याने मला लांबूनच पाहून इंजिन पार उतरवलं, अगदी चालीच्या वेगाला. कुणी त्याला १८ वा नियम शिकवलेला नाही. आमच्या स्पीडबोटीने मात्र गाणं मोठं केलं आणि लाँचला आपटवत निघून गेलो. एका म्हातारीने पिशवी छातीशी धरली, एका पोराने शेळी धरली. बोलले काहीच नाहीत. रोजचंच असणार. मला याचा फार राग आला, आणि दोराला बांधलेल्या माणसाच्या रागाला कोण विचारतो? जाळी लावून बसलेला कोळी, कागदं घेऊन निघालेला म्हातारा, यांनी हेलकावे खायचे. कारण रविवार आहे आणि लोक पुण्याहून आलेत.

धक्क्यावर मी पैसे विचारले. "काय आबा, माणुसकी हाय का न्हाई?" तो दुखावला. शिवाय त्याने सगळा व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत तो "शिवसागरात अडकलेल्या आजोबांना मदतीचा हात" म्हणून जावळीभर फिरला. माझं वय बावन्न आहे.

रात्री कोरेगावहून बहिणीचा फोन. मी १८ व्या नियमापर्यंत पोचलो असेन, तिने मध्येच तोडलं.

"ते राहू दे रे. मुलगा किती नम्र आहे! आपल्या पिंकीसाठी बघायला हरकत नाही. बोट स्वतःची आहे का भाड्याची, तेवढं विचारून ठेव."